झाडांचे दुखणे ओळखणारे जगदीशचंद्र बोस

थोर शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमधील मैमनसिंग येथे झाला. हे गाव आता बांगलादेशात आहे. त्यांच्या वडिलांचे नाव भगवानचंद्र व आईचे नाव बामासुंदरी होते. बंगाली लोक बोस या आडनावाचा उच्चार बसू असा करतात. म्हणून काही पुस्तकांत जगदीशचंद्र बसू असेही छापलेले असते. माणूस एकच.

वडील फरीदपूर येथे डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते, म्हणजे मोठे साहेब. त्या काळी साहेबांची मुले इंग्रजी शाळेत जात. पण भगवानचंद्रांनी आपल्या मुलाला साध्या बंगाली शाळेत घातले. आधी आपली भाषा आली पाहिजे, आपली माणसं कळली पाहिजेत, असं त्यांचं मत होतं. वर्गात जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या चपराशाचा मुलगा बसे आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा मुलगा बसे. ही मुलं त्याला नदीतल्या माशांच्या, पक्ष्यांच्या आणि जनावरांच्या गोष्टी सांगत. शाळा सुटली की सगळी मिळून घरी येत. आई सगळ्यांना सारखंच खाऊ घालत असे. जात पाहत नसे. ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची आहे, हे लक्षात घ्या.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याला शाळेत नेणारा गडी. तो पूर्वी दरोडेखोर होता. भगवानचंद्रांनीच त्याला तुरुंगात पाठवलं होतं. सुटून आल्यावर काम कोण देणार, म्हणून तो त्यांच्याच दारात आला. त्यांनी त्याला कामावर ठेवला आणि काम काय दिलं, तर छोट्या जगदीशला खांद्यावर बसवून शाळेत पोचवायचं. वाटेत तो आपल्या दरोड्यांच्या गोष्टी सांगायचा. माझ्या आईला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली की तिने काही असा गडी ठेवला नसता.

पुढे जगदीशचंद्र कोलकात्याला शिकले. तिथे सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफों नावाचे शिक्षक होते. ते पदार्थविज्ञान प्रयोग करून शिकवत. १८८० मध्ये जगदीशचंद्र डॉक्टर व्हायला लंडनला गेले, पण त्यांना सारखा ताप येई. शवविच्छेदनाच्या खोलीतल्या वासाने तो आणखी वाढे. शेवटी डॉक्टरकी सोडून ते केंब्रिजला विज्ञान शिकले आणि पदवी घेऊन १८८५ मध्ये परत आले.

आता पगाराची गोष्ट. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते प्राध्यापक झाले. तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. हिंदी प्राध्यापकाला इंग्रज प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार मिळे. बोस यांची नेमणूक कायम नव्हती, म्हणून त्याच्याही निम्मा. म्हणजे शंभराला तेहतीस. काम मात्र सारखेच. बोस यांनी भांडण केले नाही आणि नोकरीही सोडली नाही. रोज वेळेवर जाऊन ते मुलांना उत्तम शिकवीत. फक्त पगार घेत नसत. असे एक महिना नाही, तीन वर्षे केले. वडिलांवर कर्ज होते, १८८७ मध्ये लग्न झाले होते, तरी घेतला नाही. पैसे वाचावेत म्हणून नवराबायको चंदननगरला राहायला गेले. तिथून हुगळी नदी ओलांडून कॉलेजला जावे लागे. जगदीशचंद्र स्वतः नाव वल्हवत पलीकडे जात आणि त्यांच्या पत्नी अबलाबाई रिकामी नाव वल्हवत परत आणत. तीन वर्षांनी सरकारला पटले आणि मागचा सगळा पगार पूर्ण दराने एकदम मिळाला. त्या पैशातून त्यांनी वडिलांचे कर्ज फेडले.

अबलाबाईंचं नाव पुस्तकात एकाच ओळीत येतं, म्हणून मी गुरुजींना विचारलं. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. कोलकात्याच्या वैद्यकीय कॉलेजात तेव्हा मुलींना घेत नव्हते, म्हणून त्या शिकायला एवढ्या लांब मद्रासला गेल्या होत्या. पुढे १९१९ मध्ये त्यांनी मुलींच्या आणि विधवांच्या शिक्षणासाठी नारी शिक्षा समिती काढली.

कॉलेजात प्रयोगशाळा चांगली नव्हती. बोस यांनी २४ चौरस फुटांच्या लहान खोलीत प्रयोग सुरू केले. आमच्या शाळेची धान्याची खोली आम्ही टेपने मोजली, ती त्याहून मोठी भरली. मदतीला पत्र्याचे काम करणारा एक कारागीर होता. यंत्रे ते दोघे मिळून बनवीत. १८९५ साली त्यांनी कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये सगळ्यांसमोर प्रयोग केला. एका खोलीतून विजेच्या लहरी सोडल्या. त्या भिंतीतून आरपार गेल्या आणि लांब ठेवलेली घंटा वाजली, बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. मध्ये तार नव्हती! रेडिओ आणि मोबाइल ज्या बिनतारी लहरींवर चालतात, त्याच जातीच्या या लहरी. पण आपल्या शोधातून पैसे मिळवावेत असे त्यांना वाटत नसे.

लहरी ओळखणारे जे यंत्र त्यांनी केले होते, ते बराच वेळ चालवले की मंद होई. थोडी विश्रांती दिली की पुन्हा नीट चाले. दुसरा कोणी असता तर यंत्र बिघडले म्हणून बाजूला ठेवले असते. बोस विचार करत बसले की धातू थकतो म्हणजे काय? आपला हात थकतो तसाच का? मग धातू आणि प्राणी यांच्या मध्ये जी वनस्पती आहे तिचे काय? इथून ते झाडांकडे वळले.

झाडाला जीव असतो हे आपल्या लोकांना आधीपासून माहीत आहे. आजी संध्याकाळनंतर तुळशीला हात लावू देत नाही. बोस यांचे काम वेगळे होते. जीव आहे एवढे म्हणून ते थांबले नाहीत. झाडाला उष्णता, थंडी, मार, विष, तहान लागली की त्याच्या आत काय होते, किती वेळात होते आणि किती होते, हे त्यांना कागदावर उमटवून दाखवायचे होते. आणि तेही झाडाच्याच हाताने.

सुरुवात त्यांनी साध्या भाजीपासून केली. गाजर, मुळा, सलगम, पानांचे देठ. त्यांना चिमटा काढला किंवा धक्का दिला की आत विजेचा बारीकसा बदल होतो, हे त्यांनी नाजूक यंत्राने दाखवले. गार केले की हा बदल कमी होई. क्लोरोफॉर्म दिला की मंद होई, जणू झाडाला गुंगी आली. मोकळी हवा दिली की पुन्हा जागे होई. जास्त विष दिले की कायमचे बंद. गरम करत नेले तर साधारण ६० अंश सेल्सिअसला झाडाला एक शेवटचा झटका येतो आणि नंतर ते काहीच उत्तर देत नाही, असे त्यांनी नोंदवले.

लाजाळू तर त्यांचं आवडतं झाड. लाजाळूला हात लावला की पान मिटतं हे सगळ्यांना माहीत आहे. का मिटतं ते ऐका. देठाच्या बुडाशी एक फुगीर गाठ असते. तिच्यात पाणी भरलेल्या लहान लहान पेशी असतात. हात लागला की एका बाजूच्या पेशींमधलं पाणी झटकन बाहेर जातं, ती बाजू ढिली पडते आणि पान खाली पडतं. सायकलच्या ट्यूबमधली हवा गेल्यासारखं. पण हात लागला टोकाला आणि देठ पडतो लांब, मग निरोप कोण नेतो? बोस म्हणत की विजेचा निरोप जातो, आपल्या अंगात नसांमधून जातो तसा. हे मोजायला त्यांनी एक यंत्र केलं. काचेवर काजळी धरायची. पानाला बारीक काडी बांधायची. पान हललं की काडी काजळीवर रेघ मारते. आणि काडी सारखी थरथरत असल्याने ठिपके पडतात. ठिपके मोजले की वेळ कळतो, अगदी सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत.

त्यांनी आणखी एक गंमत पाहिली. लाजाळूचे एक रोप काचेखाली जपून वाढवले. वारा नाही, धक्का नाही, काही नाही. ते चांगले टवटवीत आणि जाडजूड झाले. पण हात लावला तर ढिम्म! निरोप पोचेचना. मग त्याला रोज थोडे थोडे धक्के दिले तेव्हा ते पुन्हा पाने मिटू लागले. हे वाचल्यावर बाबा माझ्या धाकट्या भावाकडे बघून हसले, कारण तो आईच्या मांडीवरून उतरत नाही.

आता फरीदपूरच्या खजुरीची गोष्ट. फरीदपूरला एक खजुरीचे झाड होते. वादळाने ते तिरपे झाले होते. संध्याकाळी देवळात घंटा वाजू लागल्या की ते शेंड्याकडून खाली वाके, जणू नमस्कार करी. सकाळी पुन्हा उठे. लोक लांबून बघायला येत, नवस बोलत. बोस यांना तिथे यंत्र लावायचे होते. पण झाडाचा मालक तयार होईना. यंत्र लावल्याने चमत्कार गेला तर? शेवटी यंत्र आपल्याच देशात बनवलेले आहे आणि ते लावणारा मदतनीस पुजाऱ्याचा मुलगा आहे, असे सांगितल्यावर त्याने होकार दिला. यंत्राने दिवसरात्र रेघ काढली. ती रेघ आणि तापमानाची रेघ शेजारी ठेवली तर दिसले की ऊन तापले की झाड हळूहळू खाली जाते आणि गार झाले की वर येते. पहाटे सगळ्यात गार, तेव्हा झाड सगळ्यात वर. घंटेच्या वेळी ते खाली आलेले असे एवढेच. बोस यांनी लोकांची थट्टा केली नाही. उलट, एवढे जुने खोड जिवंत असल्यामुळेच हलते, याचे त्यांना जास्त नवल वाटले. आजीला मी हे सांगितलं. ती म्हणते की ऊन तरी कोण पाडतं? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परदेशात मात्र त्यांना पुष्कळ त्रास झाला. १९०१ मध्ये लंडनला रॉयल सोसायटीत त्यांनी आपले काम सांगितले. बर्डन सँडरसन नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. लाजाळूसारखी झाडे सोडून साध्या झाडात असे काही होत नाही, हे त्यांचे म्हणणे. पदार्थविज्ञानाच्या माणसाने जीवशास्त्रात पाऊल टाकू नये, असेही त्यांना वाटे. बोस यांचा निबंध छापलाच नाही. मग बोस यांनी १९०२ मध्ये स्वतःचे पुस्तकच काढले. भगिनी निवेदिता यांनी त्यांना पुस्तकांच्या लिखाणात मदत केली आणि मित्र रवींद्रनाथ टागोर यांनी पैशांची सोय करायला खटपट केली. १९१४ मध्ये तर ते लाजाळूची रोपे बोटीतून इंग्लंडला घेऊन गेले. थंडीत ती मरू नयेत म्हणून ऊबदार जागी ठेवावी लागत.

३० नोव्हेंबर १९१७ रोजी, म्हणजे आपल्या वाढदिवशी, त्यांनी कोलकात्यात बसू विज्ञान मंदिर ही संस्था सुरू केली. ती आजही आहे. त्यांचे सगळ्यात प्रसिद्ध यंत्र म्हणजे क्रेस्कोग्राफ. झाडाची वाढ डोळ्यांना दिसत नाही, पण हे यंत्र ती दहा हजार पट मोठी करून दाखवी. पुढचे चुंबकाचे यंत्र तर एक कोटी पट. झाडाला नुसते टाचणीने टोचले तरी वाढ लगेच मंदावते हे त्यात दिसे. तरी वॉलर नावाच्या शास्त्रज्ञाने शंका काढलीच. १९२० मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी समोर बसून यंत्र तपासले आणि ते बरोबर आहे असे जाहीर केले. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना आपला सदस्य करून घेतले. ज्यांनी निबंध ठेवून दिला होता त्यांनीच! एकोणीस वर्षे लागली.

आमच्या घरात हा विषय सध्या रोजचाच आहे. आम्ही जालना जिल्ह्यातले. आमची मोसंबीची दोनशे झाडं आहेत. मोसंबीला आंबे बहार धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. ताण बसला की पानं मलूल होतात, फिकी पडतात, काही गळून जातात. झाडाची वाढ थांबते आणि साठवलेलं अन्न तसंच राहतं. मग जानेवारीत खत घालून पाणी दिलं की ताण तुटतो आणि झाड फुलांनी भरतं. म्हणजे झाडाला थोडं दुःख द्यायचं. पण किती? कमी दिलं तर नुसती पालवी येते, जास्त झालं तर फांद्या वाळतात. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, काळ्या भारी जमिनीत उशिरा. आमची अर्धी जमीन हलकी, अर्धी भारी. म्हणून आबा आणि बाबा यांचं रोज वाजतं. आबा मूठभर माती दाबून बघतात आणि पान हातात धरून सांगतात. बाबा म्हणतात अजून आठ दिवस थांबू, कारण विहिरीत पाणी कमी आहे.

आबांना भीती आहे ती २०१२ सालची. तेव्हा मी नव्हते. पावसाने ओढ दिली, विहीर आटली. आमच्या जिल्ह्यात पुष्कळ बागा वाळल्या. आबांनी टँकरचं पाणी विकत घेऊन घातलं. झाडं वरून हिरवी दिसत होती म्हणून ते आशेवर राहिले. पण हिरवी दिसत होती तेव्हाच ती आतून गेली होती. मग सगळी बाग तोडून सरपण केलं. आबा अजून त्या बांधावर बसत नाहीत. आताची झाडं नंतर लावलेली आहेत.

म्हणून मी गुरुजींना विचारलं की डोळ्यांना दिसण्याआधी झाडाची तहान कळायला आता काही यंत्र आहे का? गुरुजींनी बरंच सांगितलं. मुळांना पाणी कमी पडलं की झाडात एक रसायन वाढतं. त्याने पानांवरची बारीक छिद्रं मिटतात, म्हणजे आतलं पाणी उडून जात नाही. ज्वारीची पानं दुपारी सुरळी होतात तेही पाणी वाचवायलाच. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की अळीने एक पान कुरतडलं की त्या पानातून दुसऱ्या पानांकडे एक लाट धावत जाते. ती कॅल्शियमची असते. तिच्यासोबत विजेचाही निरोप जातो. २०२२ मध्ये जपानच्या शास्त्रज्ञांनी लाजाळूतही हेच पाहिलं. पानं मिटल्यामुळे नाकतोडे तिला कमी खातात हेही त्यांनी दाखवलं. आणि २०२३ मध्ये इस्राएलच्या शास्त्रज्ञांनी टोमॅटो आणि तंबाखूच्या झाडांजवळ माईक ठेवले. तहानलेलं झाड टक्‌टक् असा आवाज करतं! तासाला तीस ते पन्नास वेळा. पाणी मिळालेलं झाड तासात एकदाही क्वचितच करतं. आवाज एवढा बारीक असतो की माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. झाडातल्या पाण्याच्या नळ्यांत हवेचे बुडबुडे फुटून तो होत असावा असं ते म्हणतात. हे ऐकून आबा म्हणाले की त्या साली असा एक माईक मिळाला असता तर बरं झालं असतं.

बोस यांचे सगळेच बरोबर ठरले असे नाही. झाडाला आपल्यासारखा मेंदू नाही आणि नसाही नाहीत. खोडातल्या पेशी हृदयासारख्या धडधडतात आणि पाणी वर ढकलतात, असे त्यांना वाटे. आता पुस्तकात आहे की पानांतून पाणी उडते तसे खालचे पाणी वर ओढले जाते. पण झाडात विजेचा निरोप जातो हे त्यांचे म्हणणे टिकले. ज्यांनी निबंध छापला नाही त्यांची नावे मात्र मला पुस्तकात शोधून काढावी लागली.

जगदीशचंद्रांनी मुलांसाठी बंगालीत गोष्टीही लिहिल्या. केसांना लावायचे तेल समुद्रात ओतून एक माणूस वादळ शांत करतो, अशी त्यांची एक गोष्ट १८९६ सालची आहे. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. एकोणऐंशीवा वाढदिवस फक्त सात दिवसांवर आला होता.

ऑफिसच्या खिडकीत लाजाळूची कुंडी ठेवली आहे. ती गुरुजींनी रोपवाटिकेतून आणली. आम्ही घड्याळ लावून पाहिलं आहे. मिटलेलं पान पुरतं उघडायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पुरतं उघडायच्या आत पुन्हा हात लावला तर ते अर्धवटच मिटतं. सकाळी गारठ्यात हळू मिटतं, दुपारी झटकन. पालकांनी हात लावून बघायला हरकत नाही, फक्त एका वेळी एकानेच लावावा आणि मधे पंधरा मिनिटं जाऊ द्यावीत. पाणी आम्ही घालतो, सोमवार आणि गुरुवार माझी पाळी आहे.

इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी